पाण्यामागे चालत जा: कोकणातल्या फाल्गुन-चैत्रातली पायवाट

कोकणात आलेला पाहुणा बहुधा समुद्राकडे तोंड करून बसतो. या लेखात मी तुम्हाला समुद्राकडे पाठ फिरवून आधी सड्यावर नेणार आहे आणि मग तिथून पायीपायी खाडीपर्यंत उतरवणार आहे. वाट सात-आठ किलोमीटरची, वेळ, दुपारची विश्रांती धरून, जवळजवळ दिवसभराचा. गिर्यारोहण येत नसलं तरी चालेल. सकाळी लवकर उठायची आणि वाटेत भेटेल त्याच्याशी बोलायची तयारी मात्र हवी.

ही वाट एका विशिष्ट गावाची नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं जवळजवळ कुठलंही जुनं गाव एकाच क्रमाने वसलेलं असतं आणि तो क्रम पाण्याने ठरवलेला असतो. गावाच्या डोक्यावर सडा, म्हणजे जांभ्याचं सपाट पठार. जांभा जाळीदार, त्यामुळे पावसाचं पाणी त्यातून झिरपत खाली जातं. जांभ्याखाली चिकणमातीचा थर असतो. तिथे पाणी अडतं आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. जुन्या लोकांनी नेमकी ती जागा ओळखली. झऱ्याच्या डोक्यावरचं रान देवाच्या नावाने राखलं, खाली बाव, म्हणजे विहीर, बांधली, बावेखालून पाट काढून सुपारीच्या आगरात नेला आणि या सगळ्यांना जोडणारी दगडी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, रचली. सडा, देवराई, बाव, पाट, आगर, खाडी. हा क्रम डोक्यात बसला की अनोळखी गावातसुद्धा पुढे काय भेटणार याचा अंदाज बांधता येतो.

माझं आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातलं. आजी पाण्याला जायची तेव्हा मी तिच्या मागून पाखाडीच्या पायऱ्या मोजत उतरायचो. ती पाखाडी देवराईला वळसा घालून का जाते हे कळायला मला पुढे वीस वर्षं लागली. तुम्हाला ते एका सकाळीत दिसावं म्हणून हे लिहितो आहे.

केव्हा जायचं

महाशिवरात्र ते रामनवमी. त्याआधी सड्यावर गवत उभं असतं आणि कातळावरची चित्रं त्यात दडलेली असतात. रामनवमीनंतर दमट उकाडा इतका वाढतो की सड्यावर तासभरही काढवत नाही.

या दीड महिन्यातही रान सारखं पालटत असतं. सुरुवातीला काटेसावर आणि पांगारा निष्पर्ण फांद्यांवर लालेलाल फुललेले असतात, आंब्या-काजूच्या मोहोराचा वास वाडीभर कोंदलेला असतो. पुढे कुसुंबाला तांबडी पालवी फुटते. लांबून ती फुलंच वाटतात, जवळ गेल्यावर कळतं की अख्खं झाड कोवळ्या पानांनी पेटलंय. अंजनीची जांभळट निळी फुलं फांदीला चिकटून येतात, जणू कुणी झाडाच्या काड्यांना लोकर गुंडाळली आहे. सुरंगी फुलली असेल तर ती दिसायच्या आधी वासाने कळते. वेंगुर्ल्याकडच्या गावांत पहाटे झाडावर चढून सुरंगीच्या कळ्या काढतात आणि त्यांचे वळेसर, म्हणजे गजरे, बाजारात येतात. मला विचाराल तर गुढीपाडव्याच्या आधीचा आठवडा सगळ्यात चांगला. कुसुंब, सुरंगी आणि काजूची पिकलेली बोंडं ही तिन्ही तेव्हा एकत्र भेटतात.

फाल्गुन पौर्णिमेच्या आसपास शिमगा असतो. पालखी देवळातून निघून घरोघर फिरते, मुंबईकर गावी आलेले असतात, आणि गावाचं सगळं लक्ष तिकडे असतं. शिमगा बघायचा असेल तर तो स्वतंत्रपणे बघायला या. त्या दिवसांत देवराईत जायचा विषय काढू नये. शिमग्यानंतरचा आठवडा मात्र चालणाऱ्याला फार सोयीचा. पालखीसाठी गावकऱ्यांनी पाखाड्या झाडून, दोन्ही बाजूंची झुडपं तोडून ठेवलेली असतात. एरवी पानांच्या थराखाली बुजलेल्या पायऱ्या तेव्हा स्वच्छ दिसतात.

दिवसाची वेळ याहून महत्त्वाची. मार्चच्या मध्यावर रत्नागिरीकडे सूर्य साधारण पावणेसातला उगवतो. त्या वेळी तुम्ही सड्यावर पोचलेले असायला हवं. नऊपर्यंत सडा सोडायचा. त्यानंतर जांभा तापतो आणि सावलीला झाड नसतं. नऊ ते साडेअकरा उतार आणि देवराई, दुपार बावेवर, आणि एकच्या सुमाराला वाडीत जेवायला.

गाव शोधताना

फोनवरच्या नकाशात उपग्रहाचं चित्र उघडा. करडा-तपकिरी बोडका पट्टा दिसतो तो सडा. त्याच्या कडेला ठिपक्यांच्या रांगा दिसतात त्या आंबा-काजूच्या कलमांच्या बागा. देवळाच्या छपराजवळ रांगेत न बसणारा, उंचसखल, काळपट हिरवा पुंजका असेल तर ती बहुतेक देवराई. तिच्यातून निघून खाली जाणारी हिरवी रेघ म्हणजे पऱ्या, अर्थात ओढा, आणि पायथ्याशी दाट माड-पोफळी म्हणजे आगर. हे सगळं दोन किलोमीटरच्या टापूत सापडलं की गाव सापडलं. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा मिळाला तर तोही सोबत ठेवा. त्यावर विहिरी आणि जुन्या पायवाटा दाखवलेल्या असतात, ज्या फोनमध्ये नसतात.

पहिल्यांदाच जात असाल तर कातळशिल्पांमुळे माहीत झालेलं एखादं गाव घ्या, म्हणजे विचारपूस सोपी जाते. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षं सडे पालथे घालून ही चित्रं उजेडात आणली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली. रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, मालवण तालुक्यातलं कुडोपी, आणि गोव्यातलं फणसामाळ.

यांतलं कशेळी मी नवख्या माणसाला आधी सुचवतो. सड्यावर हत्तीची आकृती आहे, साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद, आणि तिच्या पोटात पुन्हा कितीतरी लहान प्राणी कोरलेले. गावात कनकादित्याचं देऊळ आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३ म्हणजे इ.स. ११९१ चा ताम्रपट याच गावचा. सड्यावर कोरणाऱ्या माणसांपासून ताम्रपट लिहिणाऱ्यांपर्यंतचा काळ एका सकाळीत पायाखालून जातो, आणि शेवटी समुद्रही भेटतो. देवाचे गोठणे इथे होकायंत्र घेऊन जा. तिथल्या सड्यावर कोरलेल्या मानवाकृतीजवळ खडकाच्या चुंबकीय गुणामुळे होकायंत्राची सुई उत्तर सोडून भलतीकडेच वळते. उक्षीला कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, पण तिथे पॅसेंजर गाड्याच थांबतात, वेळापत्रक आधी बघून घ्या.

गाव आतलं असेल तर यायला-जायला एसटी. वस्तीची गाडी रात्री गावात मुक्कामाला येते आणि पहाटे सुटते. म्हणून आदल्या संध्याकाळी त्याच गाडीने गावात यायचं, रात्री कुणाकडे राहायचं आणि सकाळी चालायला लागायचं. परतीची दुपारची किंवा संध्याकाळची गाडी किती वाजता, आणि ती रविवारी असते का, हे कंडक्टरलाच विचारा. तालुक्याच्या स्थानकावरच्या फलकापेक्षा त्याचं उत्तर भरवशाचं.

सोबत काय घ्यायचं

घोटा झाकणारे, तळाला पकड असलेले बूट. लांब पँट, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, डोक्याला टोपी किंवा ओला करून गुंडाळायला पंचा. हातात काठी हवीच, पाऊल टाकण्याआधी पाचोळा चाचपायला ती लागते. माणशी तीन लिटर पाणी घ्या, कारण सड्यावर या दिवसांत थेंब मिळत नाही. एका बाटलीत कोकमाचं आगळ, मीठ आणि साखर घालून ठेवा. घामाने गळून गेल्यावर त्याच्याइतकं लवकर तरतरी आणणारं काही मला सापडलेलं नाही. खायला घावणे आणि सुकी चटणी, ती उन्हात बिघडत नाही.

चिकटपट्टीची एक गुंडाळी खिशात असू द्या. खाजकुयलीच्या शेंगा याच दिवसांत सुकून लोंबत असतात आणि त्यांची सोनेरी लव वाऱ्यानेसुद्धा अंगावर येते. लव लागली तर चोळायचं नाही. पट्टी चिकटवून ओढून काढायची, मग पाण्याने धुवायचं. कपडे वेगळ्या पिशवीत टाकायचे.

अत्तर किंवा सुवासिक फवारा मारून निघू नका. रानात आग्या मोहोळं असतात आणि उग्र वासाने ती उठतात. काडेपेटी घरी ठेवा. वाळलेल्या सड्यावर एक ठिणगी पडली तर वणवा थेट देवराईच्या कडेपर्यंत जातो. लांब शेतात धूर दिसला म्हणून घाबरू नका, ती बहुधा भाजावळ असते. भाताच्या रोपांसाठी जमीन पाला-कवळ जाळून भाजतात.

पहिलं पाऊल: पहिल्या घराशी थांबा

गावात शिरलात की पहिल्या घराच्या अंगणाबाहेर उभं राहून हाक मारा. "कुणाकडे आलात?" हा प्रश्न येणारच. तो चौकशीचा असतो तितकाच काळजीचाही असतो. कुठून आलात, सड्यावरून देवराईकडे उतरायचं आहे, संध्याकाळच्या गाडीने परत जाणार, हे सगळं सांगून टाका. तुम्ही वेळेवर खाली आला नाहीत तर तुम्हाला शोधायला निघणारी माणसं हीच. कुणी सोबत यायला तयार झालं तर आनंदाने न्या आणि त्याच्या दिवसाच्या मजुरीएवढे पैसे आधीच ठरवून द्या. आंबा-काजूच्या हंगामात त्याचा अर्धा दिवस फुकट जात असतो.

मग गुरवांना भेटा. आज राईत गेलं तर चालेल का, चपला कुठे काढायच्या, आणि कुठल्या दगडाला हात लावायचा नाही किंवा फोटो काढायचा नाही, एवढं त्यांना विचारा. काही गावांत देवाला कौल लावून मग हो-नाही सांगतात. नाही म्हणाले तर बाहेरूनच नमस्कार करून पुढे जा. काही रायांच्या आतल्या भागात बायकांना जाऊ देत नाहीत. मला ती रीत पटत नाही, आणि गावातल्या तरुण मुलीही आता त्यावर बोलू लागल्या आहेत. पण तुमच्यासोबत बायका असतील तर हे आदल्या दिवशीच विचारून घ्या, म्हणजे कुणाला राईच्या तोंडाशी अपमान वाटून परत फिरावं लागणार नाही.

सड्यावर

सड्यावर वाट अशी नसतेच. सगळीकडे सारखाच काळा-तांबडा कातळ, वाळकं गवत आणि गुरांच्या पायांनी पडलेल्या शंभर रेघा. अशाच एका रेघेमागून मी एकदा दोन तास भलतीकडे गेलो होतो. गुरांची वाट चाऱ्याकडे जाते, गावाकडे नाही, हे तेव्हा कळलं. एका राखणीला बसलेल्या आजोबांनी मला परत वळवलं आणि एक युक्ती दिली, ती तशीच सांगतो. सड्यावर पाऊल टाकताना मागे वळून दोन खुणा पक्क्या करायच्या, एक जवळची आणि एक लांबची. एकटा वड आणि त्यामागचा मोबाइलचा मनोरा, अशा. परतताना त्या दोन्ही एका रेषेत आल्या की तुम्ही आलात त्याच जागी उतरता.

कातळशिल्पं बघायला सकाळचं तिरपं ऊन हवं. आकृत्या बोटभर खोल चरांनी काढलेल्या असतात. सूर्य खाली असला की चरात सावली भरते आणि हत्ती, मासे, माणूस उठून दिसतात. अकरा वाजता त्याच जागी आलात तर पायाखाली चित्र असूनही नुसता खडबडीत दगड दिसेल. मोठी आकृती असेल तर आधी पूर्ण फेरी मारा. ज्या बाजूने ऊन येतं तिच्या समोरच्या बाजूला उभं राहिलं की रेषा जोडल्या जातात. बारसूला दोन वाघांच्या मधे उभा माणूस आहे, तो मला तीन फेऱ्या मारल्यावर दिसला. आज कोकणात कुठेही नसलेला गेंडासुद्धा या चित्रांत आहे. अभ्यासक यांतल्या जुन्या चित्रांचा काळ मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात.

रेषेच्या आत पाय टाकायचा नाही, बूट काढूनसुद्धा नाही. रेषा ठळक दिसाव्यात म्हणून खडू फिरवायचा नाही, पाणी ओतायचं नाही, चरातली माती काठीने उकरायची नाही. ती माती अभ्यासकांच्या कामाची असते. जांभा टणक वाटला तरी कडा पटकन झिजते. उक्षीला गावकऱ्यांनी आपल्या हत्तीला स्वतः पुढाकार घेऊन राखलं, कुडोपीला त्या जागेला पिढ्यान्पिढ्या बावल्यांचं टेंब म्हणतात. गावाला ही चित्रं नवी नाहीत, बाहेरच्यांना नवी आहेत.

मार्चपासून टिटव्या उघड्या कातळावरच अंडी घालतात. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली तर जागेवर थांबा, पायाजवळ नीट बघा आणि आलात तसे मागे फिरा.

दगड उलटू नका. हे मी फार गंभीरपणे सांगतो आहे. सड्यावर फुरसं असतं, जेमतेम हात-दीड हात लांबीचं, आणि दिवसा ते दगडाखाली पडून असतं. रंग इतका जांभ्यासारखा की दिसत नाही. डिवचलं तर अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं. चावलं तर घट्ट आवळपट्टी बांधायची नाही, चिरा मारायचा नाही, अंगठी-कडं काढून ठेवायचं, हातपाय न हलवता माणसाला वाहनात घालायचं आणि १०८ ला फोन करायचा. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं आणि हिरड्यांतून रक्त यायला काही तासही लागू शकतात. म्हणून "आता बरं वाटतंय" म्हणून दवाखान्यातून परत यायचं नाही. आपल्याकडे मिळणारी सर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते.

लाल विंचूही त्याच दगडांखाली. डंखानंतर दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं ही लक्षणं दिसली तर वेळ घालवू नका, विशेषतः मूल असेल तर. या विंचवाने कोकणात पूर्वी खूप माणसं दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला आणि ते मृत्यू खूप कमी झाले. औषध साधं आणि स्वस्त आहे, पण ते वेळेत मिळायला हवं. म्हणून निघण्यापूर्वी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठल्या गावात आहे ते विचारून ठेवा.

उतार, गडगे आणि पाखाडी

सडा संपतो तिथे पहिला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, लागतो. चुना नाही, सिमेंट नाही, नुसत्या दगडावर दगड. गडग्यावरून उडी मारू नका, दगड सुटतात आणि ते परत रचायला त्या घरच्या माणसाचा दिवस जातो. कुठेतरी पायरीसारखे दोन दगड बाहेर काढलेले असतात, ती ओलांडायची जागा. जुना गडगा ओळखायचा तर दगडांकडे बघा. घडीव चिऱ्यांचा असेल तर त्यामानाने अलीकडचा, आणि शेतातून वेचलेल्या वेड्यावाकड्या गोट्यांचा, नेच्यांनी आणि वाळक्या शेवाळाने मढलेला असेल तर जुना असायची शक्यता जास्त.

वाटेत एखादी चिरेखाण दिसली तर कडेने डोकवा. जमिनीतला ताजा जांभा मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो, आणि उघडा पडून वारा लागला की कडक होतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश प्रवाशाने १८०७ मध्ये केरळातल्या अशाच दगडाला लॅटराइट नाव दिलं, लॅटिनमध्ये वीट म्हणतात त्यावरून. आपल्या लोकांनी ती वीट त्याच्या कितीतरी आधीपासून घरं, देवळं, बावी आणि किल्ले बांधायला वापरली होती. बंद पडलेल्या खाणीत पाणी साठलेलं असेल तर कडेला जाऊ नका, भिंती सरळ उभ्या असतात आणि बाहेर यायला जागा नसते.

आता पाखाडी. उतरताना घाई नको. पायऱ्यांवर काजू-आंब्याचा वाळका पाला पडलेला असतो आणि तो पावसाळ्यातल्या शेवाळाइतकाच निसरडा असतो. पाय आडवा ठेवा, काठी खालच्या पायरीवर टेकवून मग वजन टाका. पायऱ्यांची उंची बघा, जुन्या पाखाडीत ती कमी आणि पायरी रुंद असते. डोक्यावर हंडा किंवा गवताचा भारा घेतलेल्या माणसाच्या पावलाला ती बेतलेली आहे. मधेच कमरेएवढा चौथरा दिसला तर तो भार उतरवून दम खायचा. भारा खाली जमिनीवर ठेवला तर एकट्याने परत डोक्यावर घेता येत नाही, चौथऱ्यावरून घेता येतो. तुम्हीही तिथे बसा. पाखाडीच्या एका कडेला दगडी गटार असतं, पावसाचं पाणी पायऱ्यांवरून न वाहता त्यातून खाली जावं म्हणून. जिथे रस्ता करताना हे गटार बुजवलं तिथे दोन पावसाळ्यांत पाखाडी उखडलेली मी पाहिली आहे.

देवराई

राईच्या सीमेवर बहुधा काही खूण नसते. हवाच बदलते. घाम निवतो, पायाखालचा पाला ओलसर होतो आणि वर बघितलं तर आभाळाचे तुकडे. चपला काढायला सांगितलं असेल तर काढा, पण पाऊल बघून टाका. इथून बोलणं कमी करा.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया फिरून त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा कुठे शहरी वाचकाला या राखीव रानांचं मोल कळलं. नियम सगळीकडे जवळपास एकच. कुऱ्हाड लावायची नाही, वाळलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. तुम्हीही पान, बी, दगड काही उचलू नका.

झाडं ओळखायची तर पाच-सहांपासून सुरुवात करा. सातवीण सात पानांच्या झुपक्यावरून. बेहडा त्याच्या सरळसोट प्रचंड खोडावरून. सुरमाड, ज्याला आमच्याकडे भेरला माड म्हणतात, त्याची पानं माशाच्या शेपटीसारखी. ओवळ म्हणजे बकुळ, खाली पडलेल्या फुलांवरून. रायवळ आंबा, पण बागेतला नव्हे, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. आणि गारंबी, ही महावेल. तिच्या शेंगा हातभराहून लांब होतात आणि वेल इतकी जाड की मुलं झोपाळा समजून बसतात. बसू देऊ नका.

याच दिवसांत कवड्या धनेशाची वीण चालू असते. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंडाशी फट ठेवून बाकी लिंपून टाकते, आणि नर दिवसभर फळं आणून त्या फटीतून भरवतो. नर माणसाला बघून बिचकला तर खेप टाळतो आणि आत मादी-पिल्लं उपाशी राहतात. पंखांचा मोठा घुमणारा आवाज आला आणि नर जवळच्या फांदीवर बसून घुटमळू लागला तर समजा तुम्ही ढोलीखाली उभे आहात. लगेच शंभर पावलं दूर व्हा. फोटोसाठी थांबू नका.

दगड इथे झाडांच्या मुळांत गुंतलेले असतात. देवळाच्या मागे किंवा पाराशी उभे कोरीव दगड असतील तर ते वीरगळ. ते खालून वर वाचायचे. तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला नेताहेत, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते असेतोवर कीर्ती राहील. कोपरात वळलेला, बांगड्यांनी भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा. शेंदूर लावलेला असेल तर खरवडून बघायचा मोह टाळा, त्या दगडाची आजही पूजा चालते. नवीन देऊळ बांधताना असे दगड पायरीला किंवा कुंपणाला लागलेले मी पाहिलेत आणि प्रत्येक वेळी पोटात कालवलंय. असं काही होताना दिसलं तर गावातल्या शिक्षकांशी किंवा सरपंचांशी शांतपणे बोला. हे कुणाच्या तरी पूर्वजाचं स्मारक आहे एवढं सांगितलं तरी बहुतेक लोक दगड उचलून नीट उभा करतात.

सिंधुदुर्गात दक्षिणेकडे गेलात तर पाणी आणि राई यांचं नातं याहून स्पष्ट दिसतं. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे देवाच्या नावाने राखलेल्या राईत रानजायफळाची दलदल आहे, झाडांची मुळं श्वास घ्यायला गुडघ्यासारखी चिखलाबाहेर येतात. आता तिला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा आहे. मात्र दोडामार्ग-सावंतवाडी भागात जानेवारी ते मे या काळात माकडतापाचा धोका असतो. तो गोचिडीतून येतो. पँट मोज्यांत खोचा, पाल्यावर बसू नका, परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून अंग तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. त्यानंतर आठ-दहा दिवसांत जोराचा ताप आला तर डॉक्टरांना कुठे फिरलात ते सांगा.

बाव, पाट, आगर

राईच्या खालच्या अंगाला कान द्या. पाणी आधी ऐकू येतं. झरा जिथे फुटतो तिथे चिऱ्याचं लहानसं कुंड असतं, कधी दगडात कोरलेलं गोमुख. खाली पायऱ्यांची बाव. घोडा पायऱ्या उतरून पाणी पिऊ शकेल अशी असेल तर तिला घोडेबाव म्हणतात. तळाशी जायचं असेल तर एकेकट्याने, भिंतीला धरून, आणि पिण्याची बाव असेल तर चपला वर. काठाच्या चिऱ्यांत दोराने पडलेल्या खाचा शोधा. रहाट येण्याआधी किती पिढ्यांनी पाणी ओढलं ते त्या खाचेत बोट घातलं की कळतं. जवळच दगडी दोण असते, गुरांना पाणी प्यायला. ती कोरडी दिसली आणि बावेत पाणी भरपूर असलं तर दोन कळशा ओढून भरा. चैत्रात पाखरंही तिच्यावर येतात.

राजापूरजवळच्या उन्हाळे गावची गंगा बघितली असेल तर हे झऱ्यांचं गणित किती नाजूक असतं ते तुम्हाला माहीत असेल. साधारण तीन वर्षांनी तिथली चौदा कुंडं आपोआप भरतात आणि काही आठवड्यांनी ओसरतात. लहान गावातले झरेही असेच मनस्वी असतात. सड्यावर जेसीबी फिरला, राई विरळ झाली, की फेब्रुवारीतच आटतात. बावेवर भेटलेल्या बाईंना विचारा, पूर्वी पाणी कुठल्या महिन्यापर्यंत पुरायचं. त्यांच्या उत्तरात गावाच्या सड्याचा सगळा इतिहास असतो.

बावेपासून पाटाच्या कडेने चाला. पाटात पाय घालू नका, खाली कुणीतरी त्याच पाण्यावर शिंपत असतं. आगराची वेस आली की हाक मारल्याशिवाय आत शिरू नका. काजूची बोंडं पडलेली दिसली तर विचारून घ्या, आणि ओली बी दाताने फोडू नका, तिच्या टरफलातलं तेल ओठ भाजून काढतं. वाडीत जेवायची सोय आदल्या दिवशी सांगून ठेवली असेल तर या दिवसांत फणसाच्या कुयरीची भाजी आणि ओल्या काजूगरांची उसळ मिळेल. घरच्या बाईंनी पैसे नको म्हटलं तरी मुलांच्या हातात किंवा देवापुढे ठेवून या.

शेवटचा टप्पा खाडीचा. दुपारी चारनंतर निघा. भरती-ओहोटीची वेळ नाखव्याला विचारा, ओहोटीला बंदराच्या जुन्या दगडी धक्क्याच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि तेवढ्याच वेळात त्या बघता येतात. चिखलात उतरू नका, कालवांनी पाय फाटतात. परतीला शक्य असेल तर दुसऱ्या पाखाडीने वाडीत चढा.

वाटेत कुठे नोंद नसलेली कातळावरची आकृती, वीरगळ किंवा लेख असलेला दगड सापडला, आणि असं खरंच होतं, तर फोटोत मापासाठी शेजारी काठी ठेवा, चारही बाजूंनी काढा, जागा वहीत लिहा. समाजमाध्यमांवर ठिकाणासह टाकायची घाई करू नका, गर्दी आधी पोचते आणि राखण मागून. प्रथम गावाला सांगा, मग राज्य पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयाला लेखी कळवा. पत्रात गावाचं नाव, वाडी, जमीन कुणाची, आणि दगडापासून जवळची बाव किती पावलांवर आहे ते लिहा.